'लिस्तो' म्हणजे नक्की काय? पुणे-बोगोता बिलांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात एका कंपनीचं अकाउंट्सचं सेंटर आहे, तिथून कोलंबियाच्या ऑफिसचं बिलिंग चालतं. मी तिथल्या टीमला स्पॅनिश शिकवते. हे प्रकरण त्याच टीममधलं आहे, ज्यांच्याबद्दल आहे त्यांना विचारून लिहितेय आणि कुणाची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

ज्या मुलीबद्दल सांगतेय ती मराठी माध्यमातून शिकलेली, कॉमर्सची, स्पॅनिश बी-वन म्हणजे मधल्या लेव्हलपर्यंत आलेली. मेहनती म्हणजे किती, तर बसमध्ये जाता-येता फ्लॅशकार्ड्स, रात्री जेवताना पॉडकास्ट. तिच्या कार्डांवर एका बाजूला स्पॅनिश शब्द आणि मागे एकच मराठी अर्थ असायचा. 'लिस्तो' च्या कार्डामागे लिहिलं होतं 'तयार' आणि 'या' च्या मागे 'आधीच, झालेलं'. दोन्ही अर्थ चूक नाहीत, पण अर्धेच आहेत.

कामाची पद्धत अशी की पुण्यात बिलं बनवायची, बोगोतातल्या, म्हणजे कोलंबियाच्या राजधानीतल्या, सीनियर मॅडम ती तपासणार, त्यांनी होकार दिला की पुण्यातून सिस्टीममध्ये रिलीज करायची. कोलंबियात इलेक्ट्रॉनिक इनव्हॉइस आधी तिथल्या कर खात्याकडे म्हणजे दियानकडे व्हॅलिडेशनला जातं आणि मगच गिऱ्हाइकाला मिळतं, प्रत्येक बिलाला कूफे नावाचा एक लांबलचक कोड लागतो आणि एकदा का ते व्हॅलिडेट झालं की आत जाऊन काहीही खोडता येत नाही, 'नोता क्रेदितो' म्हणजे क्रेडिट नोट काढून ते बिल रद्द करायचं आणि नवीन काढायचं. म्हणून तो होकार इतका महत्त्वाचा.

आणखी एक गोष्ट, कोलंबिया आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा तिकडे सकाळचे साडेनऊ झालेले असतात, त्यांचा दिवस सुरू होत असतो आणि आपली माणसं ड्रॉपच्या कॅबची वेळ बघत असतात.

नेमकं काय झालं

महिन्याचा शेवटचा कामाचा दिवस होता. तिने बिलांचा गठ्ठा पाठवला आणि चॅटवर लिहिलं, 'दोक्तोरा, ले एंबिए लास फाक्तुरास पारा रेविसार', म्हणजे तपासायला बिलं पाठवली आहेत. (बोगोतात सीनियर माणसाला मानाने दोक्तोर, दोक्तोरा म्हणतात, डॉक्टर असायची गरज नाही.) मॅडमचं उत्तर लगेच आलं:

'लिस्तो, या लास रेविसो.'

हिने वाचलं, 'तयार आहेत, मी आधीच तपासली.' आणि सगळी बिलं रिलीज केली.

मॅडमना म्हणायचं होतं, 'बरं, बघतेच मी.'

तासाभराने मॅडम खरंच तपासायला बसल्या तेव्हा त्यांना दिसलं की एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या काही बिलांवर जुन्या ऑर्डरचा नंबर पडलाय. त्यांनी दुरुस्त करायला सांगितलं, पण तोवर बिलं दियानकडून व्हॅलिडेट होऊन गिऱ्हाइकाकडे पोचली होती. मग ईमेलची साखळी सुरू झाली, त्यात माद्रिदच्या ऑफिसातले एक जण कॉपीत होते, त्यांनी एवढंच लिहिलं: 'पुएस एस्तामोस लिस्तोस.' हिला वाटलं माद्रिदवाले म्हणतायत आपण सगळे तयार आहोत, म्हणजे मदतीला उभे आहोत, म्हणून तिने मनापासून आभार मानले. त्या वाक्याचा खरा अर्थ आपल्याकडच्या 'झालं, कल्याण!' सारखा आहे. एकाच रात्री, एकाच विशेषणाने तिला दोनदा चकवलं आणि दोन्ही वेळा कार्डावरचा अर्थ तिच्या डोक्यात अगदी पक्का होता.

गडबड कुठे होती

पाठ्यपुस्तकात 'लिस्तो' शिकवतात ते दोन अर्थांनी. 'सेर' या क्रियापदाबरोबर आलं तर हुशार, चलाख. 'एस्तार' बरोबर आलं तर तयार. 'ला निन्या एस लिस्ता' म्हणजे मुलगी हुशार आहे, 'ला निन्या एस्ता लिस्ता' म्हणजे मुलगी आवरून तयार आहे ('एस' हे सेरचं रूप, 'एस्ता' हे एस्तारचं). मराठीत दोन्हीकडे एकच 'आहे', म्हणून आपल्या माणसाला इथे ठेच लागतेच. काही आठवड्यांपूर्वी हिनेच मॅडमना कॉलच्या आधी विचारलं होतं, 'उस्तेद एस लिस्ता पारा ला यामादा?' तिला विचारायचं होतं कॉलसाठी तयार आहात का, पण 'एस्ता' च्या जागी 'एस' आलं आणि वाक्य झालं कॉलसाठी तुम्ही हुशार आहात का. मॅडमनी फक्त 'सी, क्लारो', म्हणजे हो, अर्थातच, एवढं लिहिलं आणि कॉलला आल्या. समजून घेणारी माणसं भेटली की चूक दिसतच नाही आणि मग तीच चूक पुढे चालत राहते.

बऱ्याच क्लासमध्ये नियम सांगतात की कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार. मला हा नियम अजिबात आवडत नाही. मेलेला माणूस कायमचाच मेलेला असतो तरी 'एस्ता मुएर्तो' म्हणतात, माद्रिद स्पेनमधून कुठे हलणार नाही तरी 'माद्रिद एस्ता एन एस्पान्या', आणि तारुण्य जाणारच असतं तरी 'एस होबेन'. त्यापेक्षा असं धरा की सेर सांगतं हे माणूस किंवा ही वस्तू कुठल्या प्रकारची आहे, आणि एस्तार सांगतं ती आत्ता कुठल्या अवस्थेला येऊन पोचली आहे किंवा कुठे आहे. जेवण 'एस्तार लिस्ता' कारण ते शिजून त्या अवस्थेला आलं. पोरगी 'सेर लिस्ता' कारण ती तशा प्रकारची आहे.

पण या प्रकरणात ना सेर होतं ना एस्तार! नुसतं 'लिस्तो', पुढे स्वल्पविराम. हा तिसरा वापर, पुस्तकात एका ओळीत उरकतात तो, आणि कोलंबियात दिवसभर कानावर पडतो तो. तिथे लिस्तो म्हणजे ठीक आहे, कळलं, चालेल. फोन ठेवताना लिस्तो, टॅक्सीवाल्याला पत्ता सांगितला की त्याचं लिस्तो, मीटिंग ठरली की लिस्तो. स्पेनमध्ये या जागी लोक 'बाले' म्हणतात.

आता मराठी माणसाने इथे घाबरायचं कारण नाही, कारण आपल्याकडे हेच्या हेच आहे. 'बरा' हे विशेषण आहे ना, तो बरा आहे, ती बरी आहे, ते बरे आहेत. पण कुणी काही सांगितलं की बाई असो की बुवा, 'बरं, बघते', 'बरं, येतो' असंच म्हणतो, तिथे 'बरी, बघते' कुणी म्हणत नाही. विशेषण एका रूपात गोठून होकाराचा शब्द झालं. लिस्तोचं तेच झालंय. आणि 'या' चं म्हणाल तर 'या बोय' म्हणजे 'आलेच', म्हणजे अजून निघालेलीही नसते बाई. आपण तर भूतकाळाचं रूप वापरून पुढचं सांगतो, तेव्हा 'या लास रेविसो' मधलं 'बघतेच' आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळायला हवं. झालेलं काम सांगायचं असतं तर मॅडमनी 'या लास रेविसे' लिहिलं असतं, शेवटच्या 'से' वर जोर. एका अक्षराचा फरक आहे आणि चॅटवर घाईत लोक त्यावरची खूणही टाकत नाहीत, त्यामुळे लिहिलेलं वाचताना जास्तच जपायला लागतं.

आणि सगळ्यात मोठी खूण तिच्या डोळ्यासमोर होती. लिहिणाऱ्या बाई आहेत, म्हणजे 'मी तयार आहे' असं असतं तर 'लिस्ता' आलं असतं. बिलं म्हणजे 'फाक्तुरास', स्त्रीलिंगी अनेकवचन, ती तयार असती तर 'लिस्तास'. आलं होतं 'लिस्तो', पुल्लिंगी एकवचन, म्हणजे ते वाक्यात कुणाशीच जुळत नव्हतं. जे कुणाशी जुळत नाही ते विशेषण म्हणून काम करत नाहीये, ते 'बरं' आहे. हे तिच्या नजरेतून सुटलं त्याचं कारणही मराठीतच आहे, आपले 'तयार' आणि 'हुशार' दोन्ही शब्द बदलतच नाहीत, तयार मुलगा, तयार मुलगी, तयार मुलं. चांगला-चांगली-चांगलं आपण बदलतो, पण या दोन शब्दांत शेवटाकडे बघायची सवयच लागत नाही.

पर्याय कोणते होते

त्या रात्रीचा पहिला प्रश्न पैशांचा आणि कागदांचा होता, भाषेचा नंतर. तीन रस्ते दिसत होते. एक, बिलं तशीच ठेवायची आणि गिऱ्हाइकाला बरोबर ऑर्डर नंबर वेगळ्या पत्राने कळवायचा. हे सोपं, पण त्या गिऱ्हाइकाचं पोर्टल नंबर जुळला नाही की बिल परत पाठवतं, म्हणजे पैसे अडकणारच. दोन, सोमवारी शांतपणे बघू. पण सोमवारी महिना बदललेला, मग बिल या महिन्यात आणि क्रेडिट नोट पुढच्या महिन्यात, त्यावरचा 19 टक्के इवा म्हणजे तिकडचा व्हॅट दोन महिन्यांत विभागला जाणार आणि हिशोब जुळवताना सगळ्यांचा जीव जाणार. तीन, लगेच क्रेडिट नोट्स काढून त्याच दिवशी नवीन बिलं.

तिसरा रस्ता घेतला, आणि तो शक्य झाला तो साडेदहा तासांच्या फरकामुळेच, पुण्यात मध्यरात्र होत आली तरी बोगोतात दुपार होती. टीम लीडने तिला घरी पाठवलं नाही की तिच्या हातून काम काढूनही घेतलं नाही, शेजारी बसून तिच्याकडूनच करून घेतलं. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. त्या क्षणी तिला बाजूला केलं असतं तर ती पुन्हा स्पॅनिशमध्ये चॅट करायला धजली नसती.

दुसरा प्रश्न पुढच्या आठवड्यात आला, आता पुढे काय? मॅनेजरचं पहिलं मत होतं की सगळं इंग्लिशमध्ये करा. कागदावर हे पटतं, पण बोगोताच्या टीममधली बरीच माणसं इंग्लिशमध्ये अवघडतात, मग ती कमी लिहितात, आणि कमी लिहिलं की गैरसमज वाढतात. कुणी म्हणालं ट्रान्सलेशनचं टूल लावा. लांब वाक्याला ते बरं चालतं, पण चॅटवर नुसतं एक 'लिस्तो' आलं तर मागचापुढचा संदर्भ टूलकडे कुठून असणार? तिसरं मत माझं होतं, होकाराचा शब्द ठरवून टाका आणि बरोबरीने माणसांना हे विशेषण नीट शिकवा. दोन्ही हवं, नुसतं शिकवून महिनाअखेरच्या रात्री भागत नाही, दमलेल्या डोक्याला नियम लागतो.

काय केलं

नियम एकदम साधा ठेवला. रिलीज करायचं तर मॅडमकडून 'अप्रोबादास' (मंजूर) हा शब्द आणि बिलांचे नंबर लिहून आले पाहिजेत. नुसतं लिस्तो, दाले, पेर्फेक्तो आलं तर ते 'निरोप मिळाला' एवढंच समजायचं. मॅडमना हे सांगायचं कसं याची चिंता होती, त्यांना आपल्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटेल का म्हणून, पण आमच्या मुलीने स्वतः फोन केला आणि काय वाचलं, काय समजलं ते सरळ सांगितलं. मॅडमनाच नवल वाटलं की ज्या शब्दाकडे आपलं कधी लक्षही गेलं नाही तो बाहेरच्या माणसाला असा वाचता येतो.

शंका असेल तर विचारायचं वाक्यही पाठ करून घेतलं: 'या लास रेविसो, ओ लास बा आ रेविसार?' इथे 'रेविसो' चा जोर शेवटी, 'सो' वर आहे बरं का, म्हणजे 'तुम्ही तपासली का', आणि पुढचं 'की तपासणार आहात'. तोच शब्द जोर बदलला की 'मी तपासते' होतो. हे ऐकून टीममधल्या सगळ्यांनी वह्या काढल्या. शेवटी चॅटसाठी आणखी सोपं वाक्य ठरवलं, 'पुएदो एमितिरलास?', म्हणजे काढू का बिलं? याला हो किंवा नाही एवढंच उत्तर येतं.

क्लासमध्ये मी 'लिस्तो' चं एकच कार्ड फाडून चार केली आणि प्रत्येकावर शब्द न लिहिता पूर्ण वाक्य लिहिलं. 'लास फाक्तुरास एस्तान लिस्तास', बिलं तयार आहेत. 'सु इहा एस मुय लिस्ता', त्यांची मुलगी फार हुशार आहे. 'लिस्तो, मान्याना आब्लामोस', बरं, उद्या बोलू. 'पुएस एस्तामोस लिस्तोस', झालं कल्याण. शेवटच्यात गंमत अशी की व्याकरणाने ते 'आपण तयार आहोत' असंही वाचता येतं, मग ओळखायचं कसं? त्याआधी काय घडलंय ते बघून. वाईट बातमीनंतर स्पेनचा माणूस हे म्हणाला तर तो वैतागलाय. 'बास लिस्तो सी क्रेएस केss' असं सुरू झालं तरी तेच, 'असं वाटत असेल तर विसर' या चालीचं.

शिकणाऱ्यांनी त्यात स्वतःची भर घातली ती मला फार आवडली. 'पासार्से दे लिस्तो' ला एकाने अतिशहाणपणा करणं म्हटलं, 'लिस्तिल्यो' ला दुसरी लगेच दीडशहाणा म्हणाली. स्पेनमध्ये फार हुशार माणसाला 'मास लिस्तो के एल आंब्रे' म्हणतात, भुकेपेक्षाही चलाख, कारण भूक माणसाला काय काय युक्त्या शिकवते. आणि आपलं 'तयार' सुद्धा बघा, 'पोरगं चांगलंच तयार आहे' म्हणतो तेव्हा ते आवरून बसलंय असं आपल्याला म्हणायचं नसतं. म्हणजे तयार आणि चलाख एका शब्दात राहू शकतात हे मराठी कानाला नवीन नाही, फक्त ते तिकडच्या शब्दाला जोडून दाखवायला हवं होतं.

एक सूचना मात्र दिली. बोगोतातल्या हुशार माणसाला 'लिस्तो' म्हणायच्या फंदात पडू नका, तिथे 'पिलो' किंवा सरळ 'इंतेलिहेंते' म्हणा. पिलो हा शब्द तिकडे इतका रुळलेला की कोलंबिया सरकारने 2014 मध्ये गरीब घरच्या हुशार मुलांसाठी काढलेल्या स्कॉलरशिपचं नावच 'सेर पिलो पागा' होतं, हुशार असण्याचं फळ मिळतं अशा अर्थाचं. त्या नावातही 'सेर' च आहे, त्यामुळे क्लासमध्ये ते उदाहरण म्हणून छान बसलं.

निकाल

बिलं त्याच दिवशी बोगोताच्या संध्याकाळपर्यंत नव्याने निघाली, महिना बंद झाला. गिऱ्हाइकाला दोन-दोन कागद मिळाले म्हणून एक फोन आला, तो मॅडमनी सांभाळला. हिच्यावर कारवाई झाली नाही. माद्रिदच्या गृहस्थांना तिने नंतर लिहिलं की तुमचं वाक्य मला उलटं कळलं होतं, त्यांनी अगदी आपुलकीने उत्तर दिलं आणि तेव्हापासून ते तिच्या ईमेलमधल्या चुका रंग लावून परत पाठवतात, हे तिने मागितलेलं आहे.

त्यानंतर 'लिस्तो' वरून रिलीजचा घोटाळा पुन्हा झालेला नाही. पण लिंगवचन जुळवायच्या चुका अजून होतात, 'लास क्वेंतास (हिशोब) एस्तान लिस्तास' च्या जागी 'लास क्वेंतास एस्तान लिस्तो' अजून दिसतं, ते इतक्यात जाणारही नाही. आणि एका मुलाचं भलतंच झालं, त्याने प्रत्येक लिस्तोला 'बरं' समजायला सुरुवात केली, मग बोगोताहून 'एल इन्फोर्मे एस्ता लिस्तो' आलं तरी हा रिपोर्ट यायची वाट बघत बसला. त्याला पुन्हा सांगितलं, एस्ता दिसलं की तयार, नुसतं असेल तर बरं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला निर्णयाचा क्षण त्या रात्रीच्या बराच आधी येऊन गेला होता, 'उस्तेद एस लिस्ता' वाल्या मेसेजचा. मॅडमनी किंवा चॅटवरच्या कुणीही ते हळूच माझ्यापर्यंत पोचवलं असतं तर लिस्तोवर तेव्हाच एक तास झाला असता. आता टीममध्ये दर शुक्रवारी दोन-तीन खरे मेसेज नावं काढून क्लासमध्ये येतात.

दुसरा क्षण, उत्तर आलं तेव्हाचा. बिलांचा अख्खा गठ्ठा पाठवल्यावर लगेच 'तपासलं' असं उत्तर येऊ शकत नाही, एवढा विचार भाषा न येताही करता आला असता. भाषेने सांगितलेलं आणि घड्याळाने सांगितलेलं जुळत नसेल तर घड्याळावर विश्वास ठेवावा असं मी आता सांगते. कॅबची घाई होती हे खरंच आहे, म्हणून टीम लीडने महिनाअखेरची कॅब तासभर उशिराची करून घेतली, आणि मला वाटतं या सगळ्या उपायांत हा एक सगळ्यात कमी चर्चा झालेला आणि सगळ्यात कामाचा उपाय आहे.

तिसरा क्षण कंपनीचा. चॅटवरच्या होकारावर दुरुस्त न होणारं काम सोडायचंच कशाला? मंजुरीचं बटण सिस्टीममध्ये मॅडमकडेच हवं होतं. ते अजून आलेलं नाही, आयटीकडे मागणी गेलीय.

आणि शिकवण्याच्या बाजूने बोलायचं तर, अर्थ बदलणारी विशेषणं लिस्तोसारखी आणखी आहेत. 'सेर आबुर्रिदो' म्हणजे कंटाळवाणं असणं आणि 'एस्तार आबुर्रिदो' म्हणजे कंटाळा आलेला असणं. 'सेर सेगुरो' सुरक्षित, 'एस्तार सेगुरो' खात्री असणं. 'सेर रिको' श्रीमंत, आणि जेवण 'एस्ता रिको' म्हणजे चविष्ट. 'बुएनो' तर जास्तच जपून, माणसाला 'एस बुएनो' म्हटलं तर स्वभावाने चांगला आणि 'एस्ता बुएनो' म्हटलं तर अंगाने आकर्षक असा अर्थ लागतो, ऑफिसात ते अजिबात चालणार नाही. यांची कार्डं एका अर्थाची करूच नयेत, सेरचं एक वाक्य आणि एस्तारचं एक वाक्य समोरासमोर ठेवावं, आणि जमलं तर खाली कुठल्या देशात ऐकलं तेही लिहावं. आमच्या टीमकडे आता मेक्सिकोचं काम येतंय, तिथला 'आओरिता' म्हणजे आत्ता की थोड्या वेळाने की कधीतरी, त्याचं कार्ड त्या मुलीने आधीच बनवून ठेवलंय आणि मागची बाजू सध्या कोरी ठेवलीय, तिकडच्या माणसांची खरी वाक्यं आली की भरणार म्हणतेय.